चाळीसातले अडतीस



आपल्याकडे व्याख्यानमाला पुढाऱ्यांच्या, संतांच्या, साहित्यिकांच्या नावानं चालतात. ही व्याख्यानमाला एका सुताराच्या स्मरणार्थ चालते. त्यांच्या मुलांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी ती सुरू केली. निमंत्रणाचं पत्र वाचलं आणि एवढ्या एका कारणासाठी मी त्याच दिवशी होकार कळवला. कारागिराची गरज आपल्याला रोज पडते, त्याची आठवण मात्र क्वचित निघते.

मी स्वतः एका कारागिराचा मुलगा आहे. माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात दादांचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. सायकल उलटी ठेवायची, चाक फिरवायचं आणि रिंगेजवळ खडूचा तुकडा स्थिर धरायचा. रिंग जिथं बाहेर आली असेल तिथं खडू लागतो, पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेपाशी एका बाजूचा स्पोक जरा सैल, दुसऱ्या बाजूचा जरा घट्ट. पाव आटा, फार तर अर्धा. पुन्हा चाक फिरवायचं, पुन्हा खडू. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, ‘मिस्त्री, चाकच टाकून द्या, नवीन बसवा.’ दादांनी मान वर न करता एकेक स्पोक बोटानं छेडत सगळे मोजले आणि म्हणाले, ‘चाळीसातले अडतीस ठीक आहेत. दोघांसाठी चाक कशाला टाकायचं?’

हे वाक्य माझ्या कानात राहिलं. आज ज्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं आहे, त्यांच्या आयुष्याचं कुलूप मला याच किल्लीनं उघडलं. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. तुम्ही म्हणाल, ते तर मोठे उद्योगपती, आज सुताराच्या स्मृतिदिनी त्यांचं काय? पण वयाच्या चाळिशीपर्यंत लक्ष्मणराव हे बेळगावातले एक दुकानदार आणि मिस्त्री होते. तो मिस्त्री आपल्या नजरेतून निसटला आहे. आज मला त्याला समोर आणायचं आहे.

20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथं त्यांचा जन्म झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमेना. चित्रं काढावीत आणि यंत्रं उघडून बघावीत, या दोन गोष्टींचं वेड. अशा मुलाचं पुढे काय होणार, ही काळजी तेव्हाच्या घरात जशी असेल तशीच आजच्या घरात असते. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथं काही काळानं कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. डोळ्यांतच दोष. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला हे कळणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. गायकाला सूर ऐकू येईनासे व्हावेत, तसं. आता हा मुलगा परत गावाकडे जाणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेघ धरली. रंग दिसत नसतील, पण रेघ तर दिसते! हात सरळ चालतो, प्रमाण कळतं, वस्तू आतून कशी असेल हे डोळ्यांपुढे उभं राहतं. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. त्याला लागते अचूक रेघ आणि अचूक माप. या रेघेच्या बळावर पुढे ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिकं मिळतील तिथून मिळवून वाचू लागले, मोडकी यंत्रं दुरुस्त करून देऊ लागले.

मोडलेलं त्यांनीही पाहिलं, त्याचं दुःखही झालं असेल. पण त्यांची बोटं पहिल्यांदा गेली ती न मोडलेल्या भागाकडे. दुरुस्ती करणाऱ्याची नजर ती हीच. आपण आशावादाला स्वभावाचा भाग समजतो. अमका मूळचा आनंदी, तमका मूळचा रडका, असं म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे, की आशावाद हे हाताचं काम आहे आणि कोणत्याही हातकामासारखं ते शिकता येतं. चांगलं काय आहे ते आधी मोजायचं आणि बिघाडाला मग हात घालायचा, हा त्या कामातला पहिला धडा.

सायकल हा लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला पुढचा टप्पा. मुंबईत असताना ही दोन चाकांची गाडी त्यांच्या पाहण्यात आली आणि तिनं त्यांना झपाटलं. बेळगावात रामूअण्णांच्या मदतीनं सायकलींचा व्यापार सुरू झाला. किर्लोस्कर उद्योग आपलं स्थापनेचं वर्ष 1888 मानतो, ते या दुकानामुळे. हा काळ ध्यानात घ्या. 1888 हेच डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतल्याचं वर्ष. जगातच सायकल नवी होती. एका सायकलीला 700 ते 1000 रुपये पडत आणि चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे.

त्या 15 रुपयांपाशी मी थोडा थांबतो, कारण त्यांत एका दुकानदाराची पुरी समज आहे. वस्तू विकली की काम संपलं, असं या माणसानं मानलं नाही. गिऱ्हाईक ती वस्तू वापरू लागलं, की विक्री पुरी झाली. हजार रुपयांची गाडी घेऊन पडायच्या भीतीनं कुणी ती घरात उभी करून ठेवली, तर ते दुकानदाराचंही अपयशच. बेळगावात हे दुकान ज्या रस्त्यावर होतं, त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

लक्ष्मणराव काही वर्षं मुंबईत शिकवत राहिले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. कायमची नोकरी सोडून बिनभरवशाच्या दुकानात बसणं हे घरादाराला कसं वाटलं असेल, हे सांगायला नको. पण राहिलेल्याचा हिशोब पुन्हा तोच: हातात विद्या आहे, दुकान आहे, भाऊ आहे.

आणि आता नांगराची गोष्ट. ही गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण यशाच्या गोष्टीत आपण जे वगळतो ते सगळं हिच्यात आहे.

सायकलीपासून लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आपल्यापैकी ज्यांचं बालपण शेतावर गेलं त्यांना लाकडी नांगर आठवत असेल. बाभळीचं खोड, पुढे हाळीस, मागे रुमणं आणि टोकाला लोखंडी फाळ. या नांगरानं जमीन उकरली जाते, पण उलटत नाही. काळ्या जमिनीत चार-चार बैलजोड्या जुंपल्या तरी हरळीची मुळं खालच्या खाली राहायची. लोखंडी नांगराला बाकदार पंख असतो. फाळानं कापलेली माती त्या पंखावर चढते आणि पालथी पडते. खालची वर, वरची खाली. मुळं उन्हात येतात आणि वाळून जातात. हा फरक ज्यानं एका तासात, म्हणजे नांगराच्या एका सरीत, पाहिला त्याला दुसरं काही समजवावं लागत नाही.

पण पाहायला तरी कुणी यायला हवं ना! लोखंडानं जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका तुकड्यावर आहे, त्यानं त्या तुकड्यावर कुणाचाही प्रयोग होऊ देऊ नये, हे शहाणपणच आहे. 1903 च्या सुमाराला तयार झालेला हा नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! दुकानात नांगर उभे आहेत, लोखंडाचे पैसे अडकलेत, माणसांचे पगार आहेत आणि गिऱ्हाईक येऊन, हात लावून, मान हलवून परत जातं आहे.

या दोन वर्षांत एक मोठा मोह असतो. ‘लोकांनाच कळत नाही,’ असं म्हणण्याचा. अनेक गुणी माणसं या एका वाक्यावर बसली आणि पुन्हा उठलीच नाहीत. लक्ष्मणरावांनी दोष स्वतःच्या मालात शोधला, नांगर सुधारत राहिले आणि शेतकऱ्याच्या होकाराची वाट पाहिली. आमच्या दुकानात दादा असंच म्हणायचे, ‘गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलं, तर चूक आपली.’ गिऱ्हाइकावर राग न धरणं हा कारागिराच्या आशावादाचा दुसरा धडा.

नांगर चालू लागला, कारखाना मूळ धरू लागला आणि बेळगावातली जागाच गेली. शहराच्या विस्तारात तिथं नवी वस्ती व्हायची होती, कारखाना हलवणं भाग पडलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार ऐन भरात असताना पायाखालची जमीन सुटणं ही शब्दशः घडलेली गोष्ट आहे.

या वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते स्वतः चित्रकारही होते. रंग न दिसणाऱ्या एका चित्रकाराला एका चित्रकार राजानं आधार दिला, हा योग मला फार सुंदर वाटतो. संस्थानात हवी ती जागा निवडा, असं त्यांनी सांगितलं आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले, तेही बिनव्याजी. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकरांचं माळरान निवडलं. निवडुंग माजलेला, दगडगोटे आणि नागांचा वावर. कुणी म्हणेल, सगळं संस्थान मोकळं असताना हीच जागा का? कारण शेजारून रेल्वे जात होती. लोखंड आणि कोळसा आत येणार आणि नांगर बाहेर जाणार, तो त्याच रुळांवरून. निवडुंग तोडता येतो, रूळ आपल्याला टाकता येत नाहीत. पुन्हा तेच, चाळीसातले ठीक असलेले आधी मोजणं.

1910 साली 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं या माळावर आली. तीच किर्लोस्करवाडी. आज सांगली जिल्ह्यात पुणे-मिरज मार्गावर त्याच नावाचं स्टेशन लागतं.

लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. नवऱ्याच्या धाडसाला इतिहासात जागा मिळते. त्या धाडसात चूल कुणी पेटती ठेवली, हे कुणी विचारत नाही. बेळगावसारख्या शहरातलं घर मोडून निवडुंगाच्या माळावर संसार मांडायचा आणि तोही लहान मुलांसह. मोठा मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. रात्री कंदिलाच्या उजेडात आधी अंथरूण झटकून, नाग-विंचू नाही ना हे बघून मग मुलांना निजवायचं, असे दिवस त्या माळावरच्या प्रत्येक आईनं काढले असणार. मिस्त्रीचा आशावाद एकट्याचा नसतो. आमच्या दुकानात दिवसभर एक पैची कमाई झाली नाही, त्या संध्याकाळीही आई दादांना हसून ‘हातपाय धुवा’ म्हणायची. दुसऱ्या दिवशी दादा कुलूप उघडायचे ते त्या दोन शब्दांच्या बळावर. लक्ष्मणरावांना रामूअण्णा होते, राधाबाई होत्या. एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून आपण हे आयुष्य सांगतो, तेव्हा या दोघांवर अन्याय करतो.

किर्लोस्करवाडी मला सर्वांत मोठी वाटते ती तिथल्या माणसांमुळे. तिथं कोण कोण होतं पाहा. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. शंभुराव जांभेकर इथं अभियंत्याचं काम करू लागले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली, इथं त्यांची कल्पकता यंत्रांत उतरली. मंगेशराव रेगे कारकुनी, विक्री आणि हिशोब तिन्ही सांभाळू लागले. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? ज्यांच्या नावानं आसपासची गावं घाबरत, जे शिक्षा भोगून आले होते, अशी माणसं. दरोडेखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्या माणसांनी तो राखला.

अर्धशिक्षित, गुन्हेगार. समाजानं ज्यांच्यावर एका शब्दाचा शिक्का मारून बाजूला टाकलं होतं, त्यांच्यातले अडतीस स्पोक या माणसानं मोजले. शाळेत स्वतः न रमलेल्या माणसाला ठाऊक होतं, की परीक्षेत मोजली जात नाही अशी पुष्कळ हुशारी जगात असते. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम त्यांनी घालून दिला होता. 1910 च्या आसपासच्या महाराष्ट्रात हे बोलणं अवघड होतं, करणं त्याहून अवघड. त्यांच्यासाठी मात्र यंत्र आणि माणूस यांना एकच न्याय होता: काम करण्याची ताकद आत आहे, जोडणी नीट झाली पाहिजे.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. नांगरामागून उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल आणि कच्चा माल दोन्ही अडले, कारखाना त्यातूनही तगला. पुतणे शंकरराव यांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. त्याच घरातून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी पिढ्या त्यांवर वाढल्या. शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून 1926 साली पदवीधर झाले आणि वडिलांचं काम त्यांनी देशभर आणि देशाबाहेर नेलं. आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला त्यांनी ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं. निवडुंग आणि गुलाब. लहानपणी पाहिलेला माळ त्यांच्या डोळ्यांपुढून शेवटपर्यंत हलला नव्हता, हे त्या नावातच कळतं. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. वयाची 87 वर्षं पूर्ण झाली होती. जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. प्रत्येक कारागिराला औंधचा राजा भेटत नाही. माझ्या वडिलांना भेटला नाही. मोपेड आल्या, स्कूटर आल्या, सायकलीची गिऱ्हाइकं कमी झाली आणि दुकान आहे तेवढंच राहिलं. या व्याख्यानमालेला ज्यांचं नाव आहे, त्यांनाही कारखाना उभारता आला नाही. मग लक्ष्मणरावांची गोष्ट त्यांना लागू पडत नाही का?

माझ्या मते पडते. किर्लोस्करवाडी हे त्या नजरेचं फळ आहे आणि फळ लागणं पुष्कळदा आपल्या हाती नसतं. नजर मात्र आपली असते. दादांनी सायकलीबरोबर स्टोव्ह दुरुस्त करायला सुरुवात केली, मग कुलपं, मग शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं त्यातूनच झाली. दुकानात कामाला एक पोरगा होता. गावात त्याला सगळे उडाणटप्पू म्हणत. दादा म्हणायचे, ‘त्याचा हात हलका आहे, बघ तू.’ तो आज स्वतःचं गॅरेज चालवतो आणि चार पोरांना काम शिकवतो. माळरान छोटं होतं, निवडुंग तोच होता.

श्रोतेहो, आज वस्तू बिघडली की बदलण्याची सवय आपल्याला लागली आहे. दुरुस्तीपेक्षा नवी घेणं स्वस्त पडतं, असं आपल्याला सांगितलं जातं आणि कित्येकदा ते खरंही असतं. माझी खरी भीती वेगळी आहे. ही सवय वस्तूंपुरती राहत नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाकडे, नोकरी गेलेल्या भावाकडे, म्हातारपणी विसराळू झालेल्या आईकडे आपण त्याच नजरेनं बघू लागतो: काय बिघडलंय? ज्या समाजात दुरुस्ती करणारे हात कमी होतात, तिथं माणसाला दुसरी संधी देणारी माणसंही कमी होतात, असं मला मनापासून वाटतं. म्हणून कारागिराची आठवण ठेवणं ही मला केवळ कृतज्ञतेची बाब वाटत नाही. ती आपली गरज आहे.

घरी गेल्यावर तुमच्याकडे एखादी जुनी सायकल असेल तर ती उलटी ठेवून चाक फिरवून बघा. रिंगेजवळ खडू धरा. रेघ उमटेल, तिथं आऊट आहे. पण हात लावण्याआधी एकदा सगळे स्पोक बोटानं छेडा आणि ठीक असलेले मोजा. दादांची तीच रीत होती. सुतारकामात या गावातल्या त्या सत्पुरुषाचीही तीच असणार, कारण कोणत्याही कारागिराला कामाची सुरुवात तिथूनच करावी लागते.